काचेवरची शिसपेन्सिल

होळकर संस्थानच्या बांधकाम खात्यात नकाशे काढणाऱ्या एका गृहस्थांनी हौसेने टिपलेल्या काचेच्या निगेटिव्ह इंदूरमधील त्यांच्या घरी अजून जपून ठेवलेल्या आहेत. त्यांच्या डिजिटल प्रती काढून देण्याचे काम माझ्याकडे आले, तेव्हा माझा व्यवसाय मुख्यतः सराफ्यातील दागिन्यांच्या कॅटलॉगवर आणि लग्नसमारंभांवर चालत असे. हात बसलेला होता, मिळकतही बरी होती. पण कोणी सांगितले नसताना मी कशासाठी कॅमेरा उचलीन, याचे उत्तर माझ्याजवळ नव्हते.

काचेच्या निगेटिव्हचे काम घाईने होत नाही. चकचकीत बाजू कोणती आणि जिलेटिनच्या थराची मंद बाजू कोणती हे तिरप्या उजेडात पाहून घ्यायचे, धूळ ब्लोअरने हलकेच उडवायची, काच फक्त कडांनी धरून लाइट बॉक्सवर ठेवायची आणि थराला पाणी किंवा फडके लागू द्यायचे नाही. कडांवर निळसर रुपेरी झाक चढली होती. आतले चित्र मात्र शाबूत होते. नऊवारीतील एका वृद्ध स्त्रीचा चेहरा लॅपटॉपवर मोठा करून पाहताना तिच्या डोळ्यांखाली आणि गालांवर मला स्वल्पविरामाएवढ्या बारीक रेघा दिसल्या. त्या शिसपेन्सिलीच्या होत्या. निगेटिव्हमध्ये काळे-पांढरे उलटे असते, म्हणून सुरकुती पारदर्शक उमटते. तिच्यावर पेन्सिल फिरवली की तेवढा प्रकाश अडतो आणि कागदावर ती सुरकुती फिकी होते. जुन्या स्टुडिओंमध्ये हे काम सर्रास चाले. येथे मात्र प्रत्येक रेघ एकाच दाबाची, एकाच लांबीची होती; नकाशाच्या कामात मुरलेला हात त्यात स्पष्ट ओळखू येत होता.

पुढच्या काचेवर तीच स्त्री खिडकीपाशी बसून सुपात तांदूळ निवडत होती. ती काच मी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तपासली. पेन्सिलीची एकही खूण नव्हती. चेहऱ्यावरची प्रत्येक रेषा जशीच्या तशी होती आणि बोटे हलल्यामुळे धूसर झाली होती. घरातील आजी शेजारी येऊन बसल्या होत्या. "या आमच्या आजेसासूबाई," त्या म्हणाल्या. "मामंजींनी बाकीचे फोटो भिंतीवर लावले, नातेवाइकांना वाटले, हा मात्र शेवटपर्यंत त्यांच्या मेजाच्या खणातच होता, बघ."

मी हातातले काम थांबवले. पहिले छायाचित्र नातेवाइकांसाठी काढलेले होते. दुसरे त्या माणसाने स्वतःसाठी काढले होते, याविषयी मला तेव्हाही शंका वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

याच शहरात एकोणिसाव्या शतकातील नामवंत छायाचित्रकार राजा दीनदयाळही असेच, नकाशाच्या कामातून घडले. सरधन्यात १८४४ साली जन्मलेले आणि रुडकीत अभियांत्रिकी शिकलेले दीनदयाळ १८६६ मध्ये इंदूरला बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन, म्हणजे नकाशे काढणारे, म्हणून आले. कॅमेरा त्यांनी हाती घेतला तो १८७४ च्या सुमारास, म्हणजे वयाच्या तिशीत. दुसरे तुकोजीराव होळकर यांचे त्यांना प्रोत्साहन मिळाले. पुढे मध्य भारतातील ब्रिटिश अधिकारी सर लेपेल ग्रिफिन यांच्या दौऱ्यात त्यांनी ग्वाल्हेर, खजुराहो, सांची येथील वास्तू टिपल्या. त्या छायाचित्रांतील खांबांच्या सरळ रेषा आणि दगडांवर पडलेल्या उजेडाची मोजणी पाहिली, की ड्रॉइंग बोर्डवर गेलेली वर्षे त्यांच्या नजरेत उतरली होती असे मला ठामपणे वाटते. छायाचित्रणाची ओढ कोठून येते, असे नवोदित विचारतात तेव्हा मी उपजत प्रतिभेपेक्षा या ड्रॉइंग बोर्डाविषयी अधिक बोलते.

त्या संध्याकाळी नातवाने सुचवले की प्रती काढतच आहात, तर चेहऱ्यांवरच्या त्या रेघाही संगणकावर पुसून टाका. मी नाही म्हटले. त्या रेघा म्हणजे पणजोबांचे हस्ताक्षर आहे, असे मी त्याला समजावले आणि पडद्यावर त्या पुन्हा मोठ्या करून दाखवल्या. तो बराच वेळ पाहत राहिला. शेवटी मूळ प्रती जशाच्या तशा ठेवायच्या आणि भिंतीसाठी हव्या असतील तर त्यांच्यापासून वेगळ्या तयार करायच्या, असे ठरले.

त्यानंतर सराफ्यात जाणे तेच राहिले, पण दागिन्यांचे काम आटोपले की मी माडीवरच्या कारखान्यात थांबू लागले. रात्री जिथे खवय्यांची गर्दी उसळते, तिथेच दिवसा फुंकणी तोंडात धरून, चिमट्याने कडी सांभाळत डाख देणारे, म्हणजे धातू वितळवून सांधे जोडणारे कारागीर मांडी घालून बसलेले असतात. शटर एक अष्टमांश सेकंदावर ठेवले की चेहरा स्थिर राहतो आणि बोटे हलतात, त्या तांदूळ निवडणाऱ्या बोटांसारखी. ही छायाचित्रे कोणत्याही कॅटलॉगच्या उपयोगाची नाहीत. ती मी छापून त्या कारागिरांना देते, आणि डाख वितळण्याचा नेमका क्षण कोणत्या छायाचित्रात सापडला आणि कोणत्यात हुकला, हे आता तेच मला सांगतात.