आठ महिने म्हणजे २४० दिवस नव्हेत

घरात दोन लहानगी आणि हातात पीएचडी, त्यामुळे रामबागेत जो भेटेल तो विचारतो, अभ्यास कधी करतेस? अभ्यासाचं जमतं हो. छळलं ते रजेच्या कागदाने.

यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमावलीप्रमाणे स्त्री-संशोधकाला संपूर्ण पीएचडीत मिळून २४० दिवसांपर्यंत प्रसूती किंवा बालसंगोपन रजा देता येते. मी अर्जात 'ऑगस्टपासून आठ महिने' लिहिलं. नोटशीट, म्हणजे मंजुरीसाठी फिरणारा टिपणीचा कागद, वर गेली आणि आक्षेप घेऊन खाली आली. ऑगस्ट ते मार्च बोटांवर मोजा, २४३ दिवस भरतात. तीन दिवसांपायी अर्ज पुन्हा पहिल्यापासून! म्हणून तारखाच लिहा: १ ऑगस्ट २०२४ ते २८ मार्च २०२५, रुजू २९ मार्चला.

मंजुरी आली, तर आदेशात नुसतंच 'रजा मंजूर'. प्रबंधाची सहा वर्षांची मुदत त्यामुळे पुढे सरकली की नाही, याबद्दल अवाक्षर नाही. यूजीसीच्या रजेच्या वाक्यातही ते नाही, म्हणून कार्यालय लावेल तो अर्थ. खिडकीवर उत्तर मिळालं, "मैडम, छुट्टी मिल गई ना, अब और क्या चाहिए?" हवी होती एक ओळ, 'हे दिवस कमाल मुदतीत धरू नयेत, सुधारित तारीख अमुक.' ती अर्जातच मागा, मागाहून मागितली की नवी नोटशीट निघते.

तोवर सहामाही प्रगती अहवालात माझ्या नावापुढे 'अनुपस्थित' लागलं होतं. रजा एका शाखेने दिली, अहवाल दुसरी ठेवते, आणि आदेश तिकडे पोचलाच नव्हता. अर्जाच्या तळाशी प्रतिलिपी लिहा: मार्गदर्शक, विभागप्रमुख, संशोधन सल्लागार समिती, पीएचडी शाखा, फेलोशिप असेल तर लेखा शाखा. आवक-जावकला आपल्या प्रतीवर क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय हलू नका. नाहीतर अर्ज 'आलाच नाही'.

रजा आणि मुदतवाढ या वेगळ्या गोष्टी. सहा वर्षांनंतर पुनर्नोंदणीने कमाल दोन वर्षं मिळू शकतात, स्त्रियांना त्यावर आणखी दोन, एकूण जास्तीत जास्त दहा. रजा मागितली तरी आमच्याकडे पुनर्नोंदणीचाच फॉर्म पुढे सरकवतात, आणि त्याला फी पडते.

अभ्यासाचं म्हणाल, तर मुलं झोपल्यावर वाचायला बसू नका, लिहायला बसा. वाचन पाळणा हलवतानाही होतं. उठताना शेवटचं वाक्य मुद्दाम अर्धं सोडायचं, पुन्हा बसल्यावर सुरुवात शोधावी लागत नाही. सल्लागार समितीची बैठक सकाळी ११ ची मागा. दुपारी दोनला धाकट्याची झोपेची वेळ आणि समितीची चहाची.

आणि हो, सहा वर्षं प्रवेशाच्या तारखेपासून मोजतात, विषय मंजूर झाल्यापासून नव्हे. प्रवेशाच्या पावतीची झेरॉक्स फाइलच्या पहिल्या पानाला लावून ठेवा.