मागच्या दारानं आत

जुनी गाडी बघायला गेलेला माणूस बहुतेक वेळा पुढून सुरुवात करतो. बॉनेट उघडायला लावतो, इंजिनात डोकं घालतो, बंपरच्या क्रोमवरून बोट फिरवतो आणि मग ड्रायव्हरच्या सीटवर बसून स्टिअरिंग धरून पाहतो. विकणाऱ्याला हा क्रम तोंडपाठ असतो. म्हणून इंजिन धुऊन लख्ख केलेलं असतं, डॅशबोर्डला चकाकी आणलेली असते. सेडान असेल तर असं पुढून पाहणं चालून जातं. स्टेशन वॅगन, म्हणजे छत थेट मागच्या टोकापर्यंत नेऊन सीटमागे सामानाला जागा केलेली गाडी, मात्र उर्दू पुस्तकासारखी, आपल्याला वाटतं त्याच्या उलट्या टोकापासून वाचायची असते.

याला कारण आहे. बहुतेक जुन्या वॅगन म्हणजे पुढच्या-मागच्या दारांमधल्या खांबापर्यंत त्याच नावाची सेडान आणि तिथून मागे वेगळीच गाडी. इंजिन, गिअरबॉक्स, पुढचे मडगार्ड, पुढची दारं, हेडलाइट हे सगळं सेडानशी जुळतं, त्यामुळे आजही मिळून जातं. मागची लांब काच, डिकीचं दार, त्याचं रबर, टपावरच्या पट्ट्या, मागच्या बाजूचे पत्रे हे फक्त वॅगनचे. मुळात कमी बनलेले आणि त्यातले बरेच ओझ्याखाली झिजून भंगारात गेलेले. थकलेलं इंजिन बांधून देणारे हात सापडतात. मागची वाकडी काच फुटली तर ती शोधण्यात वर्ष जाऊ शकतं.

शिवाय ओझं हा हिचा जन्मजात धंदा. रेल्वे स्टेशनावरून माणसं आणि त्यांच्या ट्रंका घरी पोचवणारी, म्हणून ती स्टेशन वॅगन. इंग्रज तिला इस्टेट म्हणतात, जर्मन कोंबी, फ्रेंच ब्रेक. नाव काहीही असो, तिनं काय आणि किती वाहिलं याची नोंद मागच्या भागातच राहते.

तेव्हा पहिली विनंती ही, की मागचं सगळं सामान काढून ठेवा. पाहायला येणार हे ठाऊक असूनही मागे खोकी, चादरी, खेळणी ठेवलेली असतील, तर तो आळसही असू शकतो आणि पांघरूणही. मागचा मजला पूर्ण मोकळा झाल्याशिवाय पुढे सरकू नये.

आता दार उघडा. ते वर उचलून धरणारे गॅसचे दोन दांडे असतात. दार अर्ध्यावर थांबून खाली येत असेल तर दांड्यांतला दाब गेलाय. थंडीत हा दाब आणखी कमी होतो, त्यामुळे सकाळी पडणारं दार दुपारी नीट उभं राहू शकतं. दांडे बदलणं सोपं काम आहे, त्यावरून गाडी नाकारू नये. डोक्यावर टेकू मात्र हवा, कारण जुन्या वॅगनचं दार काच धरून चांगलंच जड असतं.

दार उघडं असताना वर बिजागरीजवळची रबरी नळी पाहा. तिच्यातून वायरी दारात जातात. मागचा वायपर, काच तापवणारी जाळी, नंबरप्लेटचा दिवा, सगळ्यांचा करंट तिथूनच जातो. दार हजारो वेळा उघडून-मिटून वायरी त्या एकाच जागी वाकतात आणि आतल्या आत तुटतात. व्होल्व्हो 240 वॅगनचा तर हा ओळखीचा आजार. तपासणी सोपी आहे. सगळे दिवे, वायपर, जाळी चालू करायची आणि दार हळूहळू वर-खाली करायचं. दिवा मिचकला तर नळीत जोडकाम निघालंच. बल्ब नुकताच गेला म्हणणाऱ्याला एवढंच विचारावं, की वायपरचाही बल्ब गेला का?

मग दाराचं रबर, म्हणजे बीडिंग. कागदाची एक पट्टी घ्या, कडेवर ठेवा, दार लावा आणि पट्टी ओढा. ती अडली पाहिजे. सहज निसटली तर तिथं फट आहे. दर वीतभर अंतरावर हे करत सगळी चौकट फिरून या. खालचे दोन कोपरे दोनदा तपासा. हा खटाटोप नुसत्या पाण्यासाठी नाही. वॅगनची पाठ उभी, सपाट असते. गाडी धावू लागली की त्या पाठीमागे हवेचा दाब घटतो आणि सायलेन्सरचा धूर मागे न जाता गाडीकडेच खेचला जातो. फट असेल तर तो आत येतो, आणि त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. दाराच्या आतल्या कडेवर काजळीची बारीक रेघ दिसली, तर हे बराच काळ चाललंय असं समजावं. मागची काच उघडी ठेवून वॅगन पळवू नये, हा जुना नियमही याच कारणाचा.

आता मजला. गालिचा उचला, खालची पाटी उचला आणि स्टेपनीचा खड्डा उघडा. स्टेपनी बाहेर काढा, नुसतं वरून डोकावू नका. संपूर्ण गाडीत याहून खरं बोलणारी जागा नाही. छत, काचेचं रबर, दिव्यांच्या मागची गास्केटं, दाराची बीडिंग, कुठूनही शिरलेलं पाणी उतरत उतरत शेवटी इथंच साठतं. तळाशी बुचाचं भोक असतं. बूच आहे का, की भोक सडून वाढलंय, ते बोटानं चाचपा. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीनं पत्र्यावर हलके ठोके द्या. चांगला पत्रा खणखणतो, सडका पत्रा भद्द आवाज करतो, आणि वर डांबरी लेप ताजा, काळाभोर चोपडलेला असेल तर तो कशावर चोपडलाय असं विचारावंच लागतं. सोंगं सगळी आणता येतात, कोरड्या खड्ड्याचं येत नाही: आजचं पाणी पुसता येतं, पण पाण्याची पातळी जिथवर चढली होती तिथली पिवळट रेघ राहते.

दोन्ही बाजूंना चाकांच्या मागे खोलगट कप्पे असतात. त्यांची झाकणं काढून हात घाला. इथं माती आणि कुजलेला पाला ओलावा धरून बसतो. दाराचा खालचा ओठही पाहा. त्याच्या कडेची पाणी निघायची भोकं बुजली की पाणी दारातच राहतं आणि गंज आतून बाहेर येतो. बाहेर रंगावर दिसणारी डाळीएवढी पुळी म्हणजे आत बशीएवढा खड्डा, असा हिशेब धरावा.

पुट्टी ओळखायला मऊ फडक्यात गुंडाळलेलं लोहचुंबक पुरतं. मागच्या चाकाची कमान, दाराचा ओठ, पायरीखालची पेटी, जिथं ते चिकटत नाही तिथं पत्र्याऐवजी पुट्टी आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र असेल तर उत्तमच. कारखान्यातला रंग साधारण 100 ते 150 मायक्रॉन भरतो. त्याच्या दुप्पट आकडा आला तर पुन्हा रंगवलंय, एवढाच त्याचा अर्थ, आणि जुन्या गाडीत तो गुन्हा नाही. 500 च्या वर गेला की खाली पुट्टी आहे असं धरून चालावं.

टपावरच्या सामानाच्या पट्ट्या दिसायला देखण्या, पण प्रत्येक पट्टी म्हणजे छताला पाडलेली चार-सहा भोकं. रबर वाळलं की पाणी तिथून छताच्या अस्तरात शिरतं. अस्तरावर चहा सांडल्यासारखे डाग असतील तर त्यांच्या बरोबर वर टपावर काय आहे ते पाहा. शंका राहिली तर एकानं टॉर्च घेऊन मागे आत बसावं आणि दुसऱ्यानं बाहेरून पाण्याचा पाइप लावावा. खालून सुरू करून हळूहळू वर. आधीच टपावर पाणी ओतलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि गळती नेमकी कुठली ते कळत नाही.

लाकडाच्या वॅगनची गोष्ट वेगळी. 1953 ते 1971 या काळात बनलेल्या मॉरिस मायनर ट्रॅव्हलरच्या मागच्या भागातली ॲश लाकडाची चौकट शोभेची नाही. गाडीचा मागचा भाग तिच्यावरच उभा असतो. सांध्यांपाशी काळे डाग आणि नख रुतेल इतकं मऊ लाकूड सापडलं, तर ते काम पॉलिशचं नाही, सांगाडा उतरवायचं आहे. खालच्या आडव्या पट्ट्या आधी जातात, कारण पाणी तिथंच थांबतं. उलट साठ-सत्तरच्या दशकांतल्या अमेरिकन वॅगनवर लाकूड म्हणून जे दिसतं ते बहुधा लाकडाची छपाई असलेली प्लॅस्टिकची कातडी. ती फुगलेली असेल तर खाली हवा नाही, गंज आहे.

अमेरिकन गाड्यांत दाराच्या करामतीही पुष्कळ. जनरल मोटर्सच्या 1971 ते 1976 च्या मोठ्या वॅगनमध्ये काच वर छतात सरकते आणि दार खाली मजल्याच्या पोटात जातं. बघायला जादू, दुरुस्तीला कोडं. जीप वॅगोनियरमध्ये काच खाली गेल्याशिवाय मागचं दार उघडतच नाही. म्हणजे काचेची मोटर किंवा एखादा स्विच बसला, की अख्खा मागचा भाग कुलूपबंद. अशी गाडी पाहताना ही यंत्रणा एकदा चालली एवढ्यावर भागवू नका, चार वेळा चालवून घ्या.

ओझ्याचा हिशेब स्प्रिंगांत मांडलेला असतो. गाडी सपाट जागी, रिकामी उभी करा. चाकाच्या मध्यबिंदूपासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. जमिनीपासून मोजू नका, टायरमधली हवा आकडा फिरवते. डाव्या-उजव्यात दीड सेंटीमीटरहून जास्त फरक असेल तर स्प्रिंग बसलीय किंवा तुटलीय, किंवा गाडी कधीतरी ठोकली आहे.

मर्सिडीजच्या 123 मालिकेतली वॅगन, म्हणजे 1978 ते 1986 मधली, इथं वेगळी परीक्षा मागते. तिचा मागचा भाग तेलाच्या दाबावर आपली उंची आपणच राखतो. इंजिनावर चालणारा पंप दाब देतो आणि नायट्रोजन भरलेले दोन गोळे धक्के गिळतात. इंजिन चालू ठेवून दोघांनी मागच्या कडेवर बसावं. गाडी खाली बसते आणि थोड्या वेळानं सावकाश पहिल्या उंचीला येते. ती उठलीच नाही तर पंप, व्हॉल्व्ह किंवा तेलाची गळती शोधावी लागेल. उंची राखते, पण हातानं दाबल्यावर लाकडी ओंडक्यासारखी घट्ट लागते, तर गोळ्यांतला वायू गेलाय. हे गोळे बदलता येतात. काही जण मात्र ती सगळी यंत्रणाच काढून साध्या स्प्रिंगा घालतात. तसं झालं असेल तर निदान सांगितलेलं असावं.

ट्रेलर ओढायचा हूक असेल किंवा काढल्याच्या खुणा असतील, तर मागच्या मजल्याच्या बोल्टांभोवतीचे तडे पाहा आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल कागदावर टेकवा. लाल, स्वच्छ असेल तर ठीक. तपकिरी आणि जळका वास म्हणजे गिअरबॉक्स तापत राहिलाय.

इंजिनासाठी एकच अट, ते थंड असताना सुरू झालं पाहिजे. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवावा. गरम लागला तर कुणीतरी काहीतरी लपवायला ते आधीच फिरवून ठेवलंय, किंवा यजमान फार उत्साही आहे. 1974 पासून 1993 पर्यंत बनलेल्या व्होल्व्हो 240 वॅगनचं इंजिन दणकट, पण त्याचा श्वास कोंडतो. तेलाची वाफ परत खेचणारी छोटी जाळी काजळीनं बुजली की आतला दाब सील फोडून तेल बाहेर काढतो. इंजिन चालू ठेवून तेलाच्या झाकणाच्या जागी रबरी हातमोजा ओढून बसवा. तो फुगून उभा राहिला तर जाळी बुजलीय, आत ओढला गेला किंवा लुळा पडून राहिला तर ठीक. याच गाडीच्या 1980 ते 1987 या वर्षांतल्या इंजिनाच्या वायरींचं आवरण उष्णतेनं भुगा होऊन गळतं. एखादी वायर हळूच वाकवून पाहा. आणि किलोमीटरच्या आकड्यावर विसंबू नका. मीटरमधला प्लॅस्टिकचा दातेरी चक्का तुटतो, काटा वेग दाखवत राहतो आणि आकडा मात्र वर्षानुवर्षं तिथंच. पॅडलचं रबर, सीटची बाहेरची कड आणि मागच्या ओठावरचे ओरखडे त्याच्यापेक्षा प्रामाणिक.

टायरवर शेवटचे चार अंक वाचा. 2319 म्हणजे 2019 च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. नक्षी भरपूर आणि वय दहा वर्षं, असा टायर शोकेसमध्ये शोभेल, रस्त्यावर नाही.

आता किरकोळ वाटणाऱ्या वस्तू मोजा. सामान झाकायचा गुंडाळीचा पडदा, मधली जाळी, मागे तोंड करून बसायची जादा सीट असेल तर तिचे पट्टे आणि कड्या, बाजूच्या कप्प्यांची झाकणं. यांतलं काही नसेल तर गाडी चालायची थांबत नाही, म्हणून विकणारा हसून सोडून देतो. पण पंप आणि पिस्टन यादीत सापडतात, करड्या रंगाचा तो फाटका पडदा सापडत नाही. किंमत ठरवताना मी इंजिनाच्या थोड्या तेलगळतीपेक्षा हरवलेल्या पडद्याला जास्त वजन देईन.

चालवताना मागची सीट पाडून मागचा भाग मोकळा ठेवा. रिकामी वॅगन म्हणजे ढोलच. मागच्या ॲक्सलची घरघर, सैल शॉकअप, बिजागरीची खडखड, सगळं तिथं मोठं होऊन ऐकू येतं. ॲक्सलेटर सोडल्यावर सूर बदलला तर डिफरन्शियल, म्हणजे ॲक्सलच्या मधली दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारी दातेरी चाकांची पेटी, वळणावर बदलला तर चाकाचं बेअरिंग. रेडिओ लावून देणाऱ्याला तो बंद करायला सांगा. परत आल्यावर इंजिन चालूच ठेवून मागचं दार उघडा, वास घ्या, आणि मग स्टेपनी तिच्या खड्ड्यात परत नीट आवळून ठेवा. बऱ्याचदा तिचा बोल्ट गंजून बसलेला असतो. म्हणजे आपल्या आधी आलेल्या कुणीही ती काढून पाहिलेली नसते.