आमची वाटचाल: आधी हिशेब, मग रॅम

बेळगावच्या शहापुरातल्या आमच्या दुकानाची सुरुवात कॉम्प्युटर जोडून देण्यापासून झाली. गणपत गल्लीतले व्यापारी, टिळकवाडीतले टॅक्सवाले आणि लग्नपत्रिका छापणारे प्रेसवाले, हीच गिऱ्हाइकं. नुसत्या जोडणीवर दुकान फार वर्षं चाललं नसतं. आमचा धंदा उभा राहिला तो प्रेसवाल्यांच्या हट्टावर.

बेळगावात बऱ्याच पत्रिका एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड अशा निघतात. मराठी टायपिंगला जुनी श्रीलिपी, कन्नडला नुडी, पानाची मांडणी पेजमेकर नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये. वर्षानुवर्षांचा मजकूर युनिकोडच्या (सगळ्या मशीनवर चालणाऱ्या अक्षर-पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये अडकलेला. दुसऱ्या मशीनवर फाईल उघडली की अक्षरांऐवजी भलत्याच खुणा दिसतात. ८ एप्रिल २०१४ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज एक्सपीला रामराम ठोकला, म्हणजे तिच्या सुधारणा देणं थांबवलं, आणि प्रेसचे मालक दुकानात यायला लागले: "मशीन नवीन द्या, पण आतलं काही हलवू नका ओ." मग नव्या विंडोजमध्येच व्हर्च्युअल मशीन (व्हीएम, म्हणजे कॉम्प्युटरच्या आतला सॉफ्टवेअरचा कॉम्प्युटर) करून त्यात जुनी एक्सपी बसवायची, श्रीलिपीचं डोंगल (परवान्याची छोटी किल्ली) तिला यूएसबीतून जोडून द्यायचं आणि तिचं इंटरनेट तोडायचं, हे आमचं नेहमीचं काम झालं. उद्यमबागेतल्या वर्कशॉपनाही तेच हवं होतं. तिथे मशीन ठणठणीत, पण त्याचा प्रोग्राम जुन्या विंडोजशिवाय चालत नाही. १४ जानेवारी २०२० ला विंडोज ७ गेली, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १०. दर वेळी कामाची नवी लाट आली.

आणि दर लाटेमागे एकच तक्रार: "मेमरी कमी आहे म्हणून स्क्रीनवर पाटी येते, मग सगळंच अडकतं."

बाजारात याला एकच उत्तर आहे, रॅम (चालू कामाची मेमरी) घाला. दुकानदाराला त्यात दोन पैसेही सुटतात. आम्ही मात्र मेमरी जाते कुठे हे पाहिल्याशिवाय रॅम विकायची नाही असं ठरवलं. त्यात तोटा झाला म्हणावं तर तसंही नाही, कारण एकदा असं काम झालेलं गिऱ्हाईक दुसरीकडे जात नाही.

खडेबाजारातल्या एका प्रेसचं उदाहरण सांगतो. मशीन १६ जीबीचं, आत एकच एक्सपी, तीही १ जीबीवर. तरी दुपारपर्यंत पाटी हजर. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचं पान उघडलं तर वापरातली रॅम ११ जीबी, म्हणजे जागा शिल्लक. पण खाली 'कमिटेड'पुढे १७.१ / १७.४ असा आकडा. सगळी मेख इथेच होती. विंडोज प्रोग्रामांना जी मेमरी द्यायचं कबूल करते तिची बेरीज म्हणजे पहिला आकडा. रॅम आणि डिस्कवरची पेजफाईल (रॅमला जोड म्हणून विंडोजने ठेवलेली फाईल) मिळून होणारी मर्यादा म्हणजे दुसरा. पतपेढीत रोकड पडून असली तरी मंजूर मर्यादा संपली की नवं कर्ज मिळत नाही, तशातला प्रकार. मर्यादा गाठली की रॅम मोकळी दिसत असूनही पाटी येते.

पेजफाईल वाढत का नव्हती? सी ड्राईव्ह उघडला, तर पट्टी लालभडक. पत्रिकांची मांडणी करणारा पोरगा रोज संध्याकाळी व्हर्च्युअलबॉक्समध्ये (व्हीएम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) एक स्नॅपशॉट, म्हणजे व्हीएमच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घ्यायचा, बॅकअप समजून. स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. प्रत्येकानंतरचे बदल वेगळ्या फाईलमध्ये साठत जातात आणि डिस्क भरत जाते. ते पुसतानाही फाईली एकमेकींत मिसळाव्या लागतात, त्याला मोकळी जागा लागते. म्हणून आधी अख्खी व्हीएम दुसऱ्या ड्राईव्हवर हलवली, मग स्नॅपशॉट पुसले, पेजफाईल विंडोजच्या ताब्यात दिली. पाटी बंद. रॅमवर एक रुपयाही खर्च नाही.

व्हिडिओ बघून पेजफाईल कायमची बंद केलेली मशीनंही येतात. एसएसडी डिस्क झिजते म्हणे! तिथे ती परत चालू करायची, काम पाच मिनिटांचं.

बाकी बहुतेक ठिकाणी वाटप चुकलेलं असतं. ८ जीबीच्या मशीनवर व्हीएमला ६ जीबी दिले तर मूळ विंडोजने जायचं कुठे? एक्सपीला १ जीबी भरपूर झाली. ३२ बिटची असल्यामुळे ४ जीबीच्या वर दिलेलं तिला घेताच येत नाही. हायपर-व्ही (विंडोजचीच व्हीएमची सोय) असेल आणि आतली विंडोज नवी असेल, तर डायनॅमिक मेमरी (गरजेप्रमाणे कमी-जास्त होणारी) लावून किमान-कमाल ठरवून देतो. इंजिनिअरिंगच्या पोरांच्या लॅपटॉपवर डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यात चालवायचं साधन) असतं, ते बहुधा डब्ल्यूएसएलवर, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवणाऱ्या सोयीवर चालतं, आणि टास्क मॅनेजरमध्ये 'व्हीएममेम' नावाचा गडी निम्म्या रॅमपर्यंत हात मारून बसलेला असतो. डब्ल्यूएसएलच्या कॉन्फिग फाईलमध्ये मर्यादा लिहून डब्ल्यूएसएल बंद-चालू केलं की तो सरळ होतो. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो हे व्हीएमचंच सॉफ्टवेअर नोव्हेंबर २०२४ पासून धंद्यासाठीही फुकट झाल्यामुळे हल्ली तेही बसवतो. त्यात किती मेमरी डिस्कवर टाकू द्यायची याचे तीन पर्याय आहेत. साध्या मशीनवर मधला ठेवतो.

जिथे रॅम लागतेच तिथे तसं तोंडावर सांगतो. विंडोज ११ ला कमीत कमी ४ जीबी लागते. ती व्हीएममध्ये चालवायची, खाली मूळ विंडोजही ११, आणि मशीन ८ जीबीचं, तर कुठलीही सेटिंग उपयोगाची नाही. २०२५ च्या अखेरीस रॅमचे भाव भडकल्यापासून तर हिशेब करूनच रॅमची पट्टी घ्यावी. काही लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच डकवलेली असते, तेही आधी बघतो.

आता निपाणी, खानापूर, चिकोडीकडचे फोन जास्त येतात. निम्मी कामं इथे बसूनच होतात. तेवढ्यासाठी पाटी आली की मशीन बंद करू नका. टास्क मॅनेजरमधल्या मेमरीच्या पानाचा फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाका. 'कमिटेड'चे दोन्ही आकडे स्पष्ट दिसू देत, आणि सी ड्राईव्हवर जागा किती उरली तेही लिहा.