आर्द्रेचा पाऊस आणि पहिल्या 60 लिटरांचा हिशेब

मागच्या नोंदीत पन्हळ बसवून झाल्याचे लिहिले होते. त्यानंतर मृग आणि आर्द्रा या दोन्ही नक्षत्रांच्या पावसात, छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवणाऱ्या संपूर्ण जोडणीची परीक्षा झाली, आणि तिच्यात दोन दोष उघड झाले.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. आमचे घर नवी मुंबईतील बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये आहे. वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी आखलेल्या या वसाहतीत घराला स्वतःचे छप्पर आणि अंगण असल्यामुळे असे प्रयोग करण्याची मोकळीक मिळते. अंगणाकडे उतरणाऱ्या कौलारू बाजूचे आडवे क्षेत्रफळ 40 चौरस मीटर आहे. 1 चौरस मीटरवर 1 मिलिमीटर पाऊस पडला की 1 लिटर पाणी होते. कौलांत मुरणारे आणि उडून जाणारे पाणी वजा करून मी 80 टक्के धरते, म्हणजे दर मिलिमीटरला 32 लिटर. पावसाळ्यात 2000 मिलिमीटर पाऊस धरला, तरी 64,000 लिटर पाणी या एका उतारावरून वाहून जाते. टाकी 1000 लिटरची आहे. तिच्यातून ओसंडणारे पाणी खडी आणि जाड रेती भरलेल्या शोषखड्ड्यात सोडले आहे.

सर्वांत जास्त वेळ घेतला तो पहिले पाणी बाजूला काढणाऱ्या पाइपने. पावसाच्या सुरुवातीचे पाणी कौलांवरची धूळ आणि पक्ष्यांची विष्ठा घेऊन येते, म्हणून ते आधी 160 मिलिमीटर व्यासाच्या, 3 मीटर उंचीच्या उभ्या पीव्हीसी पाइपमध्ये साठते. त्यात सुमारे 60 लिटर, म्हणजे जवळजवळ 2 मिलिमीटर पावसाचे पाणी मावते. पाइप भरत आला की आतला रबरी चेंडू तरंगत वर येऊन तोंड बंद करतो आणि पुढचे पाणी टाकीकडे वळते. तळाच्या टोपणाला पाडलेल्या बारीक छिद्रातून पाइप हळूहळू रिकामा होऊन पुढच्या पावसासाठी तयार होतो.

मृगात एका रात्री 19 मिलिमीटर पाऊस पडला. हिशेबाने टाकीत 548 लिटर यायला हवे होते. आले 410, आणि तेही गढूळ. चेंडू काढून हातात घेतला तेव्हा त्याच्या मध्यावरची साच्याची शिवण नखाला लागली. तेवढ्याशा उंचवट्यामुळे तोंड नीट बंद होत नव्हते आणि खालचे घाण पाणी वरच्या प्रवाहात मिसळत होते. पॉलिश पेपरने घासून ती शिवण सपाट केली. कमी आलेल्या पाण्याचे कारण पन्हळीत सापडले: क्लॅम्प दूर दूर बसवल्यामुळे ती मधोमध वाकली होती आणि पाणी तिथूनच अंगणात सांडत होते. आता दर 60 सेंटिमीटरला एक क्लॅम्प आहे. आर्द्रेच्या 22 मिलिमीटर पावसात अपेक्षित 644 लिटरांपैकी 630 लिटर टाकीत आले, आणि पेल्यात घेतलेल्या पाण्यातून पलीकडची खिडकी स्वच्छ दिसली.

त्या रात्री पन्हळीखाली टॉर्च धरून उभी असताना नक्षत्राच्या नावाचा विचार मनात घोळत राहिला. पावसाला आर्द्रेचे नाव मिळते ते सूर्य त्या नक्षत्रात असतो म्हणून. अर्थात त्या दिवसांत ढग नसते तरीही आर्द्रा दिसली नसती, कारण ती सूर्याबरोबर दिवसाच आकाशात असते. आर्द्रा म्हणजे ओली, आणि हे नाव ज्या ताऱ्याचे, तो काक्षी इतका मोठा आहे की सूर्याच्या जागी ठेवल्यास मंगळाची कक्षा त्याच्या पोटात जाईल. पाण्यातला ऑक्सिजन प्रामुख्याने अशाच महाकाय ताऱ्यांच्या गाभ्यात घडतो आणि त्यांच्या स्फोटानंतर अवकाशात विखुरतो, तर हायड्रोजनची अणुकेंद्रके 13.8 अब्ज वर्षांपूर्वी, विश्वाच्या अगदी आरंभी तयार झाली. 2011 मध्ये एका क्वेसारभोवती, म्हणजे कृष्णविवरामुळे तेजाने झळकणाऱ्या एका दूरच्या दीर्घिकेच्या गाभ्याभोवती, पृथ्वीवरील सर्व महासागरांच्या 140 लाख कोटी पट पाण्याची वाफ आढळल्याचे जाहीर झाले. तिथला प्रकाश निघाला तेव्हा आपली पृथ्वी अस्तित्वातही नव्हती. माझ्या पर्जन्यमापकाच्या बाटलीवर मिलिमीटरच्या खुणा आहेत, आणि त्या खुणांनी मोजले जाणारे द्रव्य एवढ्या अंतरावरही आहे, ही गोष्ट मला अजून पुरती पेलत नाही.

पुढच्या आठवड्यात शोषखड्ड्यावरचा रेतीचा थर उकरून धुवायचा आहे, कारण मृगातला गाळ त्यावर बसला आहे. तळाचे छिद्रही पिंपळाच्या कुजलेल्या पानाने एकदा बुजले होते; त्यासाठी आतून बारीक जाळी बसवून पुनर्वसूच्या पावसात मोजमाप पुन्हा घेईन.