चर्चगेटची दोन वर्षं

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला बसल्यावर डोळ्यांसमोर येतात ती आत्ता अकरावी-बारावीत असलेली आपली मुलंमुली. एमबीएला नेमकं काय करतात, असं ती हमखास विचारतात. पाच मिनिटांत सांगून भागत नाही, म्हणून आठवणी बाजूला ठेवून इथे तेच लिहितो.

उदाहरण मुंबई विद्यापीठाच्या जमनालाल बजाज इन्स्टिट्यूटचं घेतो. विद्यापीठाने ही संस्था १९६५ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या सहकार्याने सुरू केली. तिथली दोन वर्षांची पूर्णवेळ पदवी एमएमएस (मास्टर ऑफ मॅनेजमेंट स्टडीज) या नावाने ओळखली जात आली आहे, ती एमबीएसारखीच. विस्तीर्ण हिरवं आवार डोळ्यांसमोर आणू नका. चर्चगेट स्टेशनवरून चालत जाण्याच्या अंतरावर एक इमारत आहे, पलीकडे मरीन ड्राइव्ह. पण शेअर बाजार, रिझर्व्ह बँक आणि नरिमन पॉइंटची कार्यालयं सगळी जवळपास. त्यामुळे बँकेत किंवा कंपनीत प्रत्यक्ष काम करणारी माणसं तास घ्यायला येतात. ही या जागेची खरी श्रीमंती. त्याची दुसरी बाजू अशी, की त्यांच्या कामानुसार तासाची वेळ बदलते आणि तुमचा दिवस त्याप्रमाणे हलवावा लागतो.

प्रवेशाची परीक्षा म्हणजे राज्याची एमबीए सीईटी. २०० प्रश्न, १५० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ४५ सेकंद. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही. २०० पैकी ७५ प्रश्न तर्काचे असतात. बैठकव्यवस्था, नातेसंबंध, दिशा अशा कोड्यांत हुशार मुलं अडकतात, कारण सोडवायला घेतलेलं कोडं अर्धवट टाकणं त्यांच्या जिवावर येतं. दोन मिनिटांत मांडणी बसली नाही, तर खूण करून पुढे जायचं, ही सवय सरावातच लावावी लागते.

गुण चांगले असूनही जागा हातची जाते ती कागदांमुळे, आणि याचं मला फार वाईट वाटतं. आरक्षित प्रवर्गातून अर्ज असेल तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं. ते महिनोन्‌महिने रेंगाळू शकतं, म्हणून अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत अर्ज टाका. नॉन-क्रीमी लेयरची मुदत ३१ मार्चला संपते, तेव्हा प्रवेशाच्या वर्षासाठी ते नव्याने काढलेलं हवं. दाखल्यावर आजोबांचं आडनाव एक आणि तुमच्या गुणपत्रिकेवर दुसरं, हा घोळ आपल्याकडे सर्रास आढळतो. तो आत्ताच निस्तरा. ठरलेल्या मुदतीत कागद आला नाही, तर अर्ज खुल्या प्रवर्गात धरला जातो. शिवाय कॅपमधून, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून, प्रवेश मिळाला आणि घरचं उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल, तर राजर्षी शाहू शिष्यवृत्तीसारख्या योजनांसाठी महाडीबीटी या राज्याच्या संकेतस्थळावर अर्ज करता येतो.

पहिल्या सत्रात हिशोब, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र, विपणन, उत्पादन असे विषय एकदम अंगावर येतात. वर्गात इंजिनिअर पुष्कळ असतात. त्यांना गणित जड जात नाही, नावे आणि जमा (डेबिट-क्रेडिट) जड जातं. ताळेबंद जुळत नसेल तर पहिल्या ओळीपासून पुन्हा शोधत बसू नका. आधी फरकाचा आकडा बघा. त्याला नऊने निःशेष भाग जात असेल तर बहुधा आकडे उलटसुलट लिहिले गेलेत : ५४० च्या जागी ४५०, फरक ९०. फरकाच्या बरोबर निम्मी रक्कम कुठे दिसते का तेही पाहा, कारण नावेची नोंद जमेला पडली की फरक दुप्पट होतो.

नफा-तोट्याचं गणित आपल्या एसटी स्टँडवरच्या वडापावच्या गाडीवर शिका. गाडीचं भाडं, पोऱ्याचा पगार आणि इतर ठरलेला खर्च महिन्याला ३०,००० रुपये. वडापाव २० रुपयांना, त्यातला माल १२ रुपयांचा. नगामागे सुटले आठ. म्हणजे ३,७५० नग विकले की खर्च भरून निघाला, रोजचे १२५. कागदावर हे सोपं दिसतं. आता संध्याकाळी शंभरातले पाच उरतात असं धरा. शंभर नगांना माल लागला १,२०० चा, विक्री आली १,९०० ची, सुटले ७०० च. मग महिन्याला जवळजवळ ४,२८६ नग करावे लागतात, रोजचे १४३. शंभरातल्या पाच शिळ्या वड्यांनी रोजचं काम १८ नगांनी वाढवलं. त्यात मालकाने स्वतःची मजुरी धरलीच नसेल, तर ३०,००० हा आकडाच खोटा. हेच गणित मोठ्या कारखान्याला लागू पडतं, फक्त शून्यं वाढतात.

पण या दोन वर्षांचा खरा ऐवज गटाच्या कामात आहे. पाच-सहा जणांचा गट, हातात एका कंपनीची पंधरा-वीस पानांची केस, म्हणजे तिच्यापुढच्या एखाद्या पेचाची आकड्यांसकट हकिगत, आणि दोन दिवसांनी वर्गासमोर सादरीकरण. नव्या गटाची चूक ठरलेली असते. पानं वाटून घेतात, प्रत्येक जण घरी आपापल्या स्लाइड करतो आणि आदल्या रात्री एक जण त्या चिकटवतो. मग चौथ्या स्लाइडवर विक्री कोटींत, अकराव्यावर लाखांत. एकाने आर्थिक वर्ष धरलेलं, दुसऱ्याने जानेवारी ते डिसेंबर. शिकवणारा माणूस तीस वर्षं आकडे वाचत आलेला असतो, त्याला हे एका नजरेत दिसतं. पुढची दहा मिनिटं तुमच्या विचारावर चर्चाच होत नाही.

याला उपाय आहे. प्रत्येकाने आधी पूर्ण केस वाचायची. पहिल्या वाचनात सुरुवात, शेवट आणि मागचे तक्ते. दुसऱ्यात मधला मजकूर. आणि मग एका वाक्यात लिहायचं, की निर्णय कोणाला, कशाबद्दल आणि कधीपर्यंत घ्यायचाय. सहा जणांची सहा वाक्यं जुळेपर्यंत लॅपटॉप उघडायचा नाही. आकड्यांची फाईल एकच, ती एकाच्याच ताब्यात. बाकीच्यांनी आकडे तिथूनच उचलायचे. सादरीकरणाच्या किमान तीन तास आधी बदल बंद, आणि नंतर एकाने सगळ्या स्लाइड मोठ्याने वाचायच्या. डोळ्यांना न दिसलेली विसंगती कानाला खटकते.

बैठकीची वेळ ठरवताना लोकलचा विचार आधी करावा लागतो. एक जण विरारचा, एक कल्याणचा, एक पनवेलचा, दोन वसतिगृहातले. रात्री नऊची बैठक वसतिगृहवाल्यांना सोयीची, पण कल्याणचा मुलगा मध्यरात्री घरी पोचतो आणि सकाळच्या तासाला पेंगतो. महिन्याभराने तो गटात गप्प बसायला लागतो, आणि लोक समजतात की त्याला रस नाही. बैठका दुपारी, दोन लेक्चरच्या मधल्या वेळात घ्या. मध्य रेल्वेवर राहणाऱ्यांनी विद्यार्थी सवलतीचा पास दादरमार्गे थेट चर्चगेटपर्यंतचा काढावा. वाचायचं साहित्य आधीच मोबाईलवर उतरवून घ्यावं, गर्दीत नेटवर्कच्या भरवशावर राहू नये.

मराठी माध्यमाच्या मुलांना इंग्रजीची धास्ती असते. व्याकरण चुकलं म्हणून कोणी अडवत नाही, आकड्याशिवाय विधान केलं की अडवतात. प्रत्येक संज्ञा आधी आपल्या भाषेत समजून घ्या. ‘रिसिव्हेबल्स’ म्हणजे वाण्याच्या वहीतली येणे असलेली उधारी, हे एकदा डोक्यात बसलं की विक्री वाढूनही हातात रोकड का नसते हे कोणी वेगळं सांगावं लागत नाही. मग तेच दोन मिनिटं इंग्रजीत, मोठ्याने, रोज बोला. गटचर्चेत दहा जणांना पंधरा मिनिटं असतात, वाट्याला दीड मिनिट येतं. त्या दीड मिनिटापुरतं तयार व्हायचंय.

पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात सुमारे दोन महिने कंपनीत काम असतं. विक्रीचं काम मिळालं तर दुकानं फिरावी लागतात. सेल्समनचा ठरलेला मार्ग असतो, त्याला ‘बीट’ म्हणतात. पहिला आठवडा त्याच्याबरोबर नुसतं फिरा, प्रश्नावली काढू नका. दुकानदाराला संध्याकाळी गिऱ्हाइकांच्या गर्दीत गाठलं तर तो कसंतरी उत्तर देऊन मोकळा होतो. दुपारी निवांत असताना जा. आणि ‘हे नवं बिस्किट तुम्ही ठेवाल का?’ असं विचारू नका. समोरच्याचं मन राखायला लोक ‘हो’ म्हणतात. ‘गेल्या आठवड्यात कोणती बिस्किटं मागवली, किती खोकी?’ असं विचारा. झालेल्या खरेदीचं उत्तर बिलाशी ताडून बघता येतं. रोजच्या नोंदी त्याच रात्री लिहा. शनिवारी आठवून लिहिलेल्या नोंदींत सगळी दुकानं सारखीच वाटतात.

नोकरीच्या मुलाखतींची पुष्कळशी व्यवस्था विद्यार्थ्यांचीच समिती बघते. कंपन्यांशी बोलणं, वेळापत्रक, मुलाखतीच्या खोल्या, सगळं. बायोडेटा एका पानाचा, आणि त्यातल्या प्रत्येक ओळीमागे दाखवता येईल असा कागद हवा. ‘विक्री वाढवली’ असं लिहिलंत तर किती, किती दिवसांत आणि कशाच्या तुलनेत, हे विचारतातच.

मुलाखत देऊन बाहेर आलं की विचारलेले प्रश्न त्याच दिवशी लिहून काढावेत आणि पुढच्या बॅचच्या हाती द्यावेत. त्या नोंदींतून पुढच्या मुलामुलींची तयारी होते. आपल्या शाळेतलं कोणी तिथे पोचलं, तर प्रवेश पक्का झाल्याबरोबर सीनियरकडून त्या वह्या आणि फाईली मागून घ्या. मागायला संकोच करू नका, त्या तुमच्यासाठीच लिहिलेल्या असतात.