आमची वाटचाल : 'होऊन जातंय की' पासून तारखेपर्यंत

आण्णांनी कोल्हापूरच्या उद्यमनगरात भाड्याच्या शेडमध्ये ओतकाम सुरू केलं तेव्हा भट्टी कुपोला होती, कोकवर चालणारी. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, नीट उतरलंय का, हे ते पाचरीसारखा छोटा तुकडा ओतून, घणाने फोडून बघायचे. फुटलेल्या जागी पांढरं किती, करडं किती, यावरून सांगायचे. गिऱ्हाईक दोन गल्ल्या पलीकडचं, पंपवाले. माल कधी, असं विचारलं की उत्तर ठरलेलं, 'होऊन जातंय की.' त्यातून काय समजायचं ते विचारणाऱ्याला बरोबर समजायचं.

आता आम्ही शिरोलीत आहोत. विजेवर चालणारी इंडक्शन फर्नेस आहे, स्पेक्ट्रोमीटर कार्बन-सिलिकॉनचे आकडे लगेच हातात देतो, आणि पंपाच्या बॉड्या जर्मनीला जातात. मशिनं शिकायला फार दिवस लागले नाहीत. बोलणं शिकायला लागले.

ऑगस्ट 2019 मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं. पेट्या भरून तयार, पण ट्रक हलेना. आमच्या कित्येक कामगारांच्या घरांत पाणी होतं. मी जर्मनीला काहीच कळवलं नाही. दोन दिवसांत पाणी उतरेल, उगाच कशाला त्यांच्या जिवाला घोर, असं वाटलं. वाईट बातमी उपाय सापडल्यावरच सांगायची, हे घरातलंच वळण. शेवटी तिकडच्या खरेदीवाल्या साहेबांचा फोन आला. त्यांची जुळणीची लाइन थांबली होती. पुराबद्दल त्यांची तक्रारच नव्हती. पहिल्या दिवशी का सांगितलं नाहीत, एवढंच ते पुन्हा पुन्हा विचारत होते. मला फार लागलं. इथं माणसांच्या भिंती पडल्यात आणि यांना तारखेचं पडलंय! त्यांनाही कुणाला तरी उत्तर द्यायचं असतं आणि वेळेत सांगणं हाच त्यांच्याकडचा मान, हे उमगायला मला पुढचं वर्ष गेलं.

जुलै 2021 ला हायवे पुन्हा पाण्याखाली गेला. त्याच संध्याकाळी मी फोटो पाठवले आणि लिहिलं की आज तारीख देता येत नाही. उत्तराची पहिली ओळ होती, 'तुमची माणसं सुखरूप आहेत ना?' मग त्यांनी निम्मा लॉट पुढे ढकलला आणि तातडीचे नग तेवढे विमानाने मागवले.

2023 च्या अखेरीपासून येमेनजवळ तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले. जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, दहा-बारा दिवस वाढले. तेवढ्या दिवसांचा माल आम्हाला आधीच ओतून ठेवावा लागतो. पैसा त्यात अडकतो, बँकेचं व्याज चालू राहतं. येमेनजवळ काय घडतंय यावर आमच्या शेडमधला पगार वेळेवर होणार की नाही, हे ठरतं. म्हणून सकाळी भट्टीआधी मी जहाजांच्या बातम्या बघतो.

आण्णा अजूनही पहिल्या हीटला, म्हणजे भट्टीतल्या पहिल्या ओतीला, येतात, पाचर फोडून बघतात आणि मगच स्पेक्ट्रोमीटरचा कागद मागतात. गेल्या महिन्यात आमचा मोल्डर, म्हणजे साचे बनवणारा, भर दुपारी ऑफिसात आला. म्हणाला, "मालक, कोअर ओले हायत. आज ओतलं तर ब्लो होल येणार. उद्या ओतूया." कोअर म्हणजे साच्यात बसवायचा वाळूचा गाभा; तो ओला असला की वाफेने ओतीवात पोकळ्या पडतात, तेच ब्लो होल. दहा वर्षांपूर्वी तो गप्प राहिला असता आणि मीही. त्याला समोर बसवूनच मी जर्मनीला मेल टाकला.