टॅलाची पोरगी चौथी आली

11 ऑगस्ट 2024, रविवार

पॅरिस ऑलिंपिकमध्ये आयर्लंडच्या रशिदत अदेलेकेचा काल रात्री पुन्हा चौथा नंबर. शुक्रवारी 400 मीटरला एकटीचा आला होता, काल रिलेत चौघींचा मिळून. सकाळपासून मी कुणाशी धड बोललेले नाही. नवरा म्हणाला, "तू काय तिची मावशी लागतेस का?"

मावशी नाही, पण गाववाली तर आहे. डब्लिनच्या टोकाला, लुआस या ट्रामची लाल लाइन जिथं संपते ते टॅला. इंग्रजीत लिहिताना त्याच्या शेपटीला दोन-तीन जादा अक्षरं लावतात, त्यामुळे आल्या आल्या मी दोन महिने ‘टलाघट’ म्हणत होते आणि बसचे ड्रायव्हर भले, ते ऐकून घेत होते. रशिदत अदेलेके इथलीच. आईवडील नायजेरियाचे, ती मात्र जन्मली-वाढली डब्लिनमध्ये आणि पळायला शिकली टॅलाच्या क्लबात. या महिनाअखेरीला 22 पूर्ण होतील.

मी स्वतः 400 मीटर आयुष्यात एकदाच पळलेय, नववीत. खो-खोची पोरगी, पाय बरे चालतात, म्हणून सरांनी तालुक्याच्या स्पर्धेत ऐनवेळी नाव घातलं. फक्कीने मारलेल्या रेघा, अनवाणी पाय आणि सरांचा एकच सल्ला, "सुटलीस की थांबू नको." पहिले दोनशे मीटर मी सगळ्यांच्या पुढे. तिसऱ्या शंभराला मांड्या दुसऱ्याच कुणाच्या असल्यासारख्या झाल्या. शेवटच्या शंभराला मी पळत होते की चालत होते ते मैत्रिणींनाच ठाऊक, त्या अजून सांगतात आणि हसतात. रेघ ओलांडली आणि कडेला जाऊन सकाळचे पोहे ओकले. कितवी आले ते विचारायचंही राहिलं.

तेव्हापासून कुणाचीही 400 मीटर बघताना शेवटच्या वळणानंतर माझा श्वास अडकतो. टीव्हीवर वाटतं, ती बघा कशी जोर लावून पुढे निघाली. जोर तिथं कुणाकडेच उरलेला नसतो. सगळ्याच मंदावत असतात, जी कमी मंदावते ती पुढे गेल्यासारखी दिसते.

रशिदतही आधी या शर्यतीची नव्हती. 2018 मध्ये हंगेरीत ग्यॉरला 18 वर्षांखालच्या युरोपियन स्पर्धेत तिने सुवर्ण घेतलं ते 200 मीटरचं, तेव्हा वय 15. पुढच्या वर्षी बाकूला युरोपच्या युवा ऑलिंपिक महोत्सवात 100 आणि 200 दोन्ही. 2021 ला टॅलिनमध्ये 20 वर्षांखालच्या गटात पुन्हा दोन्ही. अशा मुलीला कोण सांगणार की बाई, तुला ज्यात धाप लागण्याआधी शर्यत संपते ते सोड आणि ज्यात जीव जातो ते धर? पण टेक्सासच्या विद्यापीठात गेल्यावर, एड्रिक फ्लोरिआल या प्रशिक्षकांच्या हाताखाली, ती 400 ची होत गेली.

फ्रिजवर लावलेल्या कालनिर्णयच्या मागच्या बाजूला मी तिचे आकडे लिहून ठेवलेत. गॅसच्या बुकिंगची तारीख लिहायची सवय, इथं गॅस पाइपने येतो, म्हणून जागा रिकामीच होती. 2022, म्युनिक, 50.53. 2023, ऑस्टिन, 49.20. 2024, रोम, 49.07. तिन्ही वेळा आयर्लंडचा राष्ट्रीय विक्रम. पहिल्या उडीत 1.33 सेकंद कमी झाले, दुसऱ्या उडीत फक्त 0.13. लोक ‘झपाट्याने वर आली’ म्हणतात तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे पहिली उडी असते. मला दुसरी जास्त मोठी वाटते. वर जावं तसतसा सेकंद महाग होत जातो.

रोमच्या युरोपियन अजिंक्यपद स्पर्धेचा तो जून काय होता! आधी दोन पुरुष-दोन बायकांच्या मिश्र रिलेचं सुवर्ण, ख्रिस ओ'डॉनेल, रशिदत, थॉमस बार आणि शार्लीन मॉड्सली, 3 मिनिटं 9.92 सेकंद. मग 400 मध्ये रौप्य, मग बायकांच्या रिलेत आणखी एक रौप्य. सोमवारी मी डोशाचं पीठ आंबवायला ठेवायचं विसरून टीव्हीपुढे बसले होते. पोलंडची नतालिया काच्मारेक 48.98 मध्ये गेली, ही 49.07 मध्ये. आणि स्टेडियम कोणतं, तर स्टॅडिओ ओलिंपिको, जिथं 1960 मध्ये मिल्खासिंग 400 मीटरला चौथे आले होते. हे बाबांना फोनवर सांगितलं तर साताऱ्याहून लगेच उत्तर आलं, "मग तिथं रुपं मिळालं हेच खूप झालं."

परवाच्या फायनलबद्दल जरा नीट लिहून ठेवते, नाहीतर विसरेन. डोमिनिकन रिपब्लिकची मारिलेदी पाउलिनो 48.17, ऑलिंपिक विक्रम. बहारीनची सल्वा ईद नासेर 48.53. काच्मारेक 48.98. रशिदत 49.28. सगळीकडे ‘थोडक्यात हुकलं’ चाललंय, आणि मला ते पटत नाही. तिने रोममधली आपली आजवरची सर्वोत्तम वेळ जशीच्या तशी पॅरिसला आणली असती तरी चौथीच आली असती. हुकायला हातात यावं लागतं. तिच्या पुढच्या तिघी त्या दिवशी वेगळ्याच जातीचं पळत होत्या. उलट पाचवी आली ती ब्रिटनची अ‍ॅम्बर अ‍ॅनिंग, 49.29. म्हणजे शंभराव्या हिश्श्याने चौथा नंबर हिने राखला. तोच शंभरावा हिस्सा 1984 ला पी. टी. उषाच्या हातून निसटला होता, 400 मीटर अडथळ्यांत, 55.41 ला कांस्य आणि 55.42 ला काहीच नाही. आमच्या घरात हे आकडे पाढ्यासारखे पाठ आहेत. मी तेव्हा जन्मलेही नव्हते.

कालच्या रिलेचं मात्र ‘हुकलं’ म्हटलेलं चालेल. सोफी बेकर, रशिदत, फिल हीली, मॉड्सली. 3:19.90, राष्ट्रीय विक्रम. ब्रिटनला कांस्य, 3:19.72. अठरा शतांश. म्हणजे अंतर किती होतं ते बघायला रात्री साडेदहाला मी शिवणाच्या डब्यातली टेप काढली. त्या वेगाने अठरा शतांशात दीड मीटरच्या आत-बाहेर होतं. आमच्या ओट्याच्या कडेपासून फ्रिजच्या दारापर्यंत दीड मीटरला दोन बोटं कमी. नवरा पाणी प्यायला आला, टेप बघितली, काही न बोलता परत गेला.

आता खरं कारण लिहिते, मी का गप्प आहे ते.

गेल्या 23 नोव्हेंबरला डब्लिनच्या मध्यावर दंगल झाली. बस पेटवल्या, लुआसची गाडी पेटवली. बाहेरून आलेल्यांवर राग होता. मी ऑफिसात अडकले होते. निघताना आरशात बघितलं, कपाळावरची टिकली काढली आणि मोबाइलच्या कव्हरला चिकटवली. इतकी वर्षं इथं राहून असं कधी केलं नव्हतं. सहकाऱ्याने गाडीने सोडलं, वाटेत दोघंही हवापाण्यावर बोललो.

त्यानंतर साडेसहा महिन्यांनी रोम झालं आणि जो तो ‘आमची टॅलाची पोरगी’ म्हणायला लागला. मला आनंद झाला, आणि मनात कुठंतरी कुसळासारखं टोचतही राहिलं. पदक घेतलेल्या लेकराला कोण नाही म्हणणार? या महिन्याच्या सुरुवातीला पॅरिसच्या मिश्र रिलेत ती पळली नाही, आपल्या शर्यतीसाठी पाय राखले आणि संघ फायनलला पोचला नाही, तेव्हा कॉफीच्या मशीनपाशी दोघा-तिघांचा सूर लगेच जरा वेगळा लागला होता. म्हणून शुक्रवारपासून मी कान देऊन होते, चौथी आल्यावर काय म्हणतात ते ऐकायला.

आज दुपारी पाऊस थांबला तेव्हा शेजारच्या आजी मागच्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. कुंपणावरून म्हणाल्या, "आपलं लेकरू दमलं असेल गं, तीन दिवस झोपू द्यायला हवं त्याला." मग चिमटा दाताखाली धरून पुढे पुटपुटल्या ते समजलं नाही. पावसाबद्दल असावं. मी मान डोलावली आणि आत येऊन उगीचच भांडी घासायला घेतली.

टिकली अजून कव्हरवरच आहे. डिंक सुकलाय, पण निघत नाही.

संध्याकाळी बाबांचा फोन. या एका पॅरिसात भारताचे सहा चौथे नंबर झालेत, त्यामुळे ते आधीच वैतागलेले. नीरजचं रौप्य आणि आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेचं कांस्य, एवढ्यावर जरा तग धरून आहेत. मी म्हटलं, "बाबा, आयर्लंडची बाई धावण्याच्या छोट्या शर्यतीत ऑलिंपिक फायनलला पोचली, हेच पहिल्यांदा झालंय."

"ते बरोबर आहे," ते म्हणाले. "पण चौथी."

"22 ची पण नाहीये अजून. चार वर्षांनी 25 ची असेल."

"चार वर्षांनी कुठे आहे ऑलिंपिक?"

"लॉस एंजेलिसला."

पलीकडे शांतता. उषा चौथी आली होती ते लॉस एंजेलिसलाच, आणि हे माझ्या लक्षात शब्द तोंडातून गेल्यावर आलं.

"तिकडं नको," बाबा म्हणाले आणि फोन आईकडे दिला.